ऑक्टोबरात बाख, जूनमध्ये सांबा: वीस गळ्यांचा हंगाम कसा बांधतात

युरोप-अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या कॉयरची, म्हणजे गायकवृंदाची, वर्षभराची कार्यक्रमपत्रिका अशी असू शकते: ऑक्टोबरात जुने जर्मन संगीतकार शुट्झ आणि बाख, डिसेंबरात नाताळ, मार्चमध्ये एकोणिसाव्या शतकातला ब्राम्स, आणि जूनमध्ये थेट ब्राझील, म्हणजे सांबा, बायाउँ, बोसानोव्हा हे तिथले गीतप्रकार. गाणारी माणसं मात्र तीच वीस. आपल्या हिशेबाने सांगायचं तर दिवाळीत विलंबित ख्याल मांडणाऱ्याने पावसाळ्यापूर्वी लावणीच्या फडावर उभं राहायचं, तेही त्याच मंडळींना घेऊन.

हे जमतं, आणि फार सुंदर जमतं. नवी गाणी बसवणं हा त्यातला सोपा भाग. खरं कष्टाचं काम म्हणजे आधीच्या कार्यक्रमाने गळ्याला, कानाला आणि जिभेला लावलेलं वळण वेळेवर मोडणं. ऑक्टोबरात ज्या गंधाराला शाबासकी मिळते, तोच गंधार जूनमध्ये बेसूर ठरतो. असं का होतं ते कळलं की हंगामातला कुठला कार्यक्रम कुठे ठेवायचा, तालमी किती घ्यायच्या, सभागृह कुठलं धरायचं, हे सगळं आपोआप उलगडत जातं.

वीस माणसं कशी वाटायची

कॉयरमध्ये आवाजांचे चार थर असतात. बायकांचा वरचा आवाज सोप्रानो, खालचा आल्टो. पुरुषांचा वरचा टेनर, खालचा बास. प्रत्येक थर स्वतःची वेगळी चाल गातो आणि चारही चाली एकाच वेळी चालतात. आपल्या समूहगानात सगळे मिळून एकच चाल गातात, त्यामुळे कोणी एखादा सूर चुकला तरी बाकीचे सांभाळून घेतात. इथे आल्टो चुकली तर तिची जागा भरायला दुसरं कोणीच नसतं.

एका थरात किती जण हवेत याला एक अनुभवाचा नियम आहे. एकजण चालतो, तिघे-चौघे चालतात, दोघे सगळ्यांत कठीण. एकटा माणूस स्वतःच्या कानाने जातो. तिघे असले की आवाज एकमेकांत विरघळतात. दोघांत मात्र जरासा फरक पडला की तो लगेच कानाला बोचतो, आणि दोघांपैकी कोणी कोणाच्या मागे जायचं हेही ठरत नाही.

म्हणून आकडे आधी मांडावे लागतात. समजा सहा सोप्रानो, चार आल्टो, पाच टेनर, पाच बास अशी वाटणी आहे. बाखचं ‘येझू माइने फ्रॉइडं’ हे मोटेट (अनेक थरांचं धार्मिक समूहगीत) जास्तीत जास्त पाच थरांचं आहे आणि त्यात सोप्रानो दोन भागांत फुटतात. सहाच्या तीन-तीन झाल्या, काम भागलं. पण ‘झिंगेट डेम हेर्न’ हे दोन कॉयरसाठी, म्हणजे आठ थरांचं. तिथे चार आल्टोंच्या दोन-दोन होतात, पाच टेनर आणि पाच बास यांचे तीन-दोन, आणि नेमका तो कठीण आकडा येऊन बसतो. अशा कार्यक्रमाला दोन आल्टो, एक टेनर आणि एक बास बाहेरून बोलवावे लागतात. हा खर्च पत्रिका छापण्याआधी धरायचा असतो.

कमी माणसांत काम भागवणं हे बरोक काळातल्या संगीतकारांच्याही नशिबी आलं होतं. (बरोक म्हणजे ढोबळमानाने १६०० ते १७५०.) हाइनरिश शुट्झ व्हेनिसला शिकून ड्रेस्डेनला स्थिरावला आणि १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धाने जर्मनीतले गायक-वादक विखुरले गेले. मग त्याने १६३६ आणि १६३९मध्ये ‘क्लाइनं गाइस्टलिशं कोन्त्सेर्टं’ हे दोन संग्रह काढले: एक ते पाच आवाज, साथीला ऑर्गनसारखं एखादं वाद्य, एवढंच. छोट्या गटासाठी आजही त्यांच्याइतकं सोयीचं आणि इतकं गहिरं संगीत शोधून सापडत नाही.

पट्टी: पांढरी सहा की काळी चार

आजची वाद्यं ‘ए’ नावाच्या ज्या सुरावर जुळवतात तो सेकंदाला ४४० कंपनांचा असतो. पेटीच्या भाषेत ती पांढरी सहा. बरोक संगीत जुन्या पद्धतीच्या वाद्यांबरोबर करायचं असेल तर आज बहुतेक गट ४१५चा ‘ए’ धरतात. म्हणजे बरोबर अर्धा स्वर खाली: कागदावर पांढरी सहा लिहिली आहे आणि ऐकू येते काळी चार. जुन्या काळात सगळीकडे ४१५च होतं असं मात्र नाही. गावोगावी पट्टी वेगळी असे आणि लाइपझिगच्या चर्चमधले ऑर्गन तर इतर वाद्यांपेक्षा एक पूर्ण स्वर वर लावलेले होते. ४१५ ही आजच्या वादकांनी सोयीने ठरवलेली सरासरी.

या अर्ध्या स्वराने सोप्रानोंना वर जाताना मोठा आराम मिळतो, पण बासचे अगदी खालचे सूर पातळ होतात. आणखी एक अडचण हमखास येते. ज्यांच्या कानात पट्टी पक्की बसलेली असते, सूर ऐकल्याबरोबर त्याचं नाव सांगता येतं, अशा गायकांना कागदावर एक दिसतं आणि कानावर दुसरं पडतं. लांब विश्रांतीनंतर ते आत येतात ते थेट अर्धा स्वर वर. त्यांना अर्धा स्वर उतरवून छापलेली प्रत द्यावी. संगणकावर हे दहा मिनिटांचं काम आहे आणि त्याने तालमीतले कित्येक तास वाचतात.

तो गंधार

सा-ग-प एकत्र गायले की पाश्चात्त्य संगीतातला मेजर कॉर्ड होतो. आपल्याला हे तंबोऱ्यावरून कळतं: नीट जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप एक गंधार उमटतो. तो नैसर्गिक गंधार. पेटीचा किंवा पियानोचा गंधार त्याहून जरा चढा असतो, कारण तिथे सप्तकाचे बारा अगदी समान तुकडे पाडलेले आहेत. फरक १४ सेंटचा, आणि अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट.

आकड्यांत बघू. सा २२० कंपनांचा घ्या. नैसर्गिक गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे २७५. पियानोचा गंधार २७७.१८. दोन कंपनांनी काय होतं? प्रत्येक सुराबरोबर त्याचे पटीतले सूरही वाजत असतात. साचा पाचवा पट ११००. नैसर्गिक गंधाराचा चौथा पटही ११००च. दोन्ही एकमेकांवर चपखल बसतात आणि कॉर्ड स्थिर, मोकळा, आहे त्यापेक्षा मोठा ऐकू येतो. पियानोच्या गंधाराचा चौथा पट मात्र ११०८.७. मग सेकंदाला जवळपास नऊ वेळा आवाज थरथरतो. पियानोवर आपण त्याकडे दुर्लक्ष करायला शिकलेलो असतो. दगडी चर्चमध्ये वीस गळे बिनवाद्यांचे गात असताना ते लपत नाही.

तालमीत हे असं बसवतात. बासना सा धरायला सांगायचं, ‘ऊ’ या स्वरावर, मध्यम आवाजात. टेनरनी प घालायचा. तो पियानोच्या पंचमाहून फक्त दोन सेंट वर असतो, त्यामुळे पटकन बसतो. मग आल्टोंनी ग अगदी हळू आवाजात, मुद्दाम चढा लावायचा आणि केसाएवढा उतरवत आणायचा. एका जागी थरथर थांबते. ती जागा ज्यांनी एकदा ऐकली ते पुढच्या वेळी आपोआप तिथे येतात. हा व्यायाम रोज पाच मिनिटं, तोही पियानोचं झाकण बंद ठेवून. पियानोच्या साथीने बरोकच्या तालमी घेतल्या की कान पियानोचा गंधार पाठ करून बसतो, आणि शेवटच्या आठवड्यात साथीला येणारा छोटा ऑर्गन जुन्या पद्धतीने लावलेला असला की सगळे वर ऐकू येतात.

आता यातली मेख. प्रत्येक कॉर्ड शुद्ध लावला तरी पट्टी घसरू शकते. कॉर्ड सा, ध, रे, प आणि परत सा अशा क्रमाने फिरवा आणि दोन कॉर्डमध्ये जो सूर समान आहे तो घट्ट धरून ठेवा. धच्या कॉर्डमधला ध धरून रेच्या कॉर्डवर आलात की रे मिळतो तो साच्या १०/९ पट, ९/८ पट नव्हे. श्रुतींचा अभ्यास केलेल्यांना हा खालचा रिषभ लगेच ओळखू येईल. त्या रेवरून प लागतो, पवरून सा, आणि परत आलेला सा सुरुवातीच्या साच्या ८०/८१ पट भरतो. म्हणजे साडेएकवीस सेंट खाली. चार फेऱ्यांत ८६ सेंट. जवळजवळ अर्धा स्वर गेला, आणि चूक कोणाचीच नाही! सोळाव्या शतकातल्या जोव्हान्नी बात्तिस्ता बेनेदेत्ती या इटालियन गणितज्ञाने हे गणित मांडून ठेवलेलं आहे.

उपाय असा: ज्या आल्टोने ध धरला आहे तिने रेचा कॉर्ड येताना तो धरलेलाच सूर कणभर वर सरकवायचा. प्रतीत त्या जागी पेन्सिलीने वर जाणारा छोटा बाण काढतात. आमच्या मते बरोक तालमीतली ही सगळ्यांत मोलाची खूण आहे. ‘सूर खाली येतोय, वर गा’ असं सगळ्यांना ओरडून सांगितलं की सगळेच चढे होतात आणि गंधार बिघडतो. एका माणसाने एका जागी एक सूर हलवला की पुरतं.

पट्टी उतरायची साधी कारणंही आहेतच: तालीम लांबलेली असते, श्वास संपत आलेला असतो, एकच सूर आठ-दहा वेळा लागोपाठ गायचा असतो. त्यासाठी जुना मंत्र: चढताना पायऱ्या मोठ्या, उतरताना लहान.

एक शब्द, चार व्यंजनं

‘येझू माइने फ्रॉइडं’ अकरा भागांचं आहे. पहिला आणि अकरावा भाग संगीताच्या दृष्टीने एकच, दुसरा आणि दहावा एकमेकांचे नातेवाईक, आणि मधोमध सहावा भाग, म्हणजे फ्यूग, ज्यात एक थर चाल सुरू करतो आणि बाकीचे एकामागून एक तीच उचलतात. यातला दुसरा भाग जवळून बघण्यासारखा आहे. सुरुवातीलाच शब्द येतात ‘एस इस्ट नून निश्ट्स’, म्हणजे ‘आता काहीही नाही’. बाख ‘निश्ट्स’नंतर विश्रांती ठेवतो, मग पुन्हा तोच शब्द, पुन्हा विश्रांती. ‘नाही’ हा शब्द आणि त्यानंतरची शांतता, दोन्ही त्याने संगीतात लिहिलेल्या आहेत.

आता हा शब्द गाऊन बघा. मी इथे ‘निश्ट्स’ लिहिलं तरी मधला उच्चार ‘श’ नाही. मराठी ‘ह्या’ हा शब्द कुजबुजत म्हणा आणि पहिल्या अर्ध्या क्षणाला थांबा: तोच तो उच्चार. शेवटचा ‘त्स’ म्हणजे आपल्या ‘चमचा’मधला च. इंग्रजी बोलणाऱ्या कॉयरना जे दोन्ही उच्चार महिनाभर घोटावे लागतात ते मराठी माणसाच्या तोंडात जन्मापासून असतात.

प्रश्न उरतो तो हा की शेवटची व्यंजनं नेमकी कधी म्हणायची. वीस जणांपैकी पाच जणांनी ‘त्स’ थोडा आधी सोडला आणि तिघांनी थोडा नंतर, तर शांततेऐवजी वाळूवर पाय घासल्यासारखी सळसळ ऐकू येते. म्हणून नियम असा: सूर ‘नि’वरच पूर्ण लांबीचा धरायचा, ‘ह्य’ सुराच्या अगदी शेवटी आणि ‘त्स’ बरोबर विश्रांतीच्या पहिल्या क्षणावर. प्रतीत विश्रांतीच्या चिन्हावर ‘त्स’ लिहून ठेवतात. तरीही सळसळ राहिली तर प्रत्येक थरातल्या दोघांनीच ‘त्स’ म्हणायचा, बाकीच्यांनी सूर सोडून गप्प बसायचं. श्रोत्याला फरक कळत नाही, शांतता मात्र स्वच्छ मिळते.

लॅटिनमध्ये उच्चारांचा वेगळाच गोंधळ. ‘स्वर्गाचा’ या अर्थाचा एकच शब्द इटालियन पद्धतीने ‘चेली’, जर्मन पद्धतीने ‘त्सेली’. ‘रेजिना’ तिकडे ‘रेगीना’. इटालियन संगीतकार मोंतेव्हेर्दी गाताना इटालियन, बाख गाताना जर्मन. हे पहिल्या तालमीलाच सांगून टाकावं, नाहीतर निम्मे आधीच्या सवयीने गातात. एकदा चुकीचा उच्चार सुराला चिकटला की तो सोडवायला नवा शिकण्याच्या दुप्पट वेळ जातो.

बरोकहून ब्राझीलला जाणारा रस्ता

ही उडी वाटते तितकी लांब नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस ब्राझीलच्या मिनास जेराइस भागात सोनं सापडलं, अठराव्या शतकात ओरू प्रेतू आणि मारियानासारखी गावं वाढली आणि तिथल्या धार्मिक मंडळांनी चर्चसाठी संगीत लिहून घ्यायला सुरुवात केली. लिहिणारे बहुतेक मिश्रवंशीय होते. त्यांतला एक मोठा माणूस लोबू दे मेस्किता, १८०५मध्ये वारला. नंतर हे कागद विसरले गेले, आणि १९४०च्या दशकात कुर्ट लांगं या संगीत-अभ्यासकाने ते शोधून पुन्हा उजेडात आणले.

रिओमध्ये जुझे मौरीसियू नूनिस गार्सिया (१७६७ ते १८३०) होता. गुलामांचा वंशज, स्वतः धर्मगुरू, आणि १७९८पासून रिओच्या कॅथीड्रलचा संगीतप्रमुख. नेपोलियनच्या भीतीने पोर्तुगालचं राजघराणं १८०८मध्ये रिओला पळून आलं आणि गार्सिया शाही चॅपलचा प्रमुख झाला. १८१६मध्ये राणी मारिया वारली, तेव्हा त्याने लिहिलेलं रेक्विएम (मृतांसाठीची प्रार्थना) आजही गातात. त्याला मोठा वाद्यवृंद लागतो. छोट्या गटाने त्याची होली वीकची (ईस्टरआधीच्या आठवड्याची) बिनवाद्यांची मोटेट्स घ्यावीत. ऑक्टोबरच्या बरोक कार्यक्रमात शेवटी अशी दोन ठेवली की जूनची तयारी तिथेच सुरू होते.

आणि मग हेइतोर व्हिया-लोबूस (१८८७ ते १९५९). ब्राझीलच्या गल्लीतलं संगीत आणि बाख या दोघांवर सारखाच जीव. १९३० ते १९४५ या काळात त्याने ‘बाकियानास ब्राझिलेइरास’ नावाच्या नऊ रचना लिहिल्या. नववी ‘आवाजांच्या वाद्यवृंदासाठी’ आहे: शब्द नाहीत, प्रील्यूड (सुरुवातीचा छोटा भाग) आणि फ्यूग, आणि फ्यूग अकरा मात्रांच्या मोजणीत. बाखच्या फ्यूगमध्ये पक्का झालेला कॉयरही इथे गडबडतो, कारण शब्दच नसल्याने आपण कुठे आहोत हे सांगणारी खूण हरवते. अकराची फोड हाताने दाखवल्याशिवाय ती शिकवायला घेऊ नये. वाद्यांसाठीचीही आवृत्ती आहे. गट तयार नसेल तर ही रचना हट्टाने करू नये असंच आम्ही म्हणू.

जूनचा ठेका

ब्राझीलच्या कार्यक्रमात पहिली तालीम कागदाशिवाय घ्यायची. सांबा दोन मात्रांचा आणि जड ठोका दुसऱ्या मात्रेवर. सुर्दू नावाचा मोठा ढोल तो देतो. पाश्चात्त्य कॉयरचं आणि आपलंही शरीर पहिल्या मात्रेवर, समेवर, बसायला शिकलेलं. इथे वजन उलटं. प्रत्येक मात्रेचे चार बारीक भाग असतात आणि गाण्याचे शब्द बऱ्याचदा मात्रेवर न पडता अलीकडच्या भागावर पडतात.

हे असं बसवा. पायांनी एक-दोन, दोनवर वजन. हातांनी मांडीवर चारही बारीक भाग, हलके. तोंडाने शब्द, सुराशिवाय, नुसते बोललेले. वेग मिनिटाला ६० मात्रा. तिन्ही थर सुटे न होता दोन मिनिटं चालले की मगच सूर घालायचा आणि मग तीन तालमींत वेग १००पर्यंत न्यायचा. यात हमखास होणारी चूक म्हणजे मात्रेआधी येणाऱ्या प्रत्येक अक्षराला धक्का देणं. कॉयरला ती जागा ‘विशेष’ वाटते, म्हणून ती ठासून गातात आणि गाणं उड्या मारत चालतं. ब्राझीलच्या माणसाला ती जागा बोलण्याइतकी सहज. अक्षर आधी आणा, पण वजन देऊ नका. दुसरी चूक घाईची. ती थांबवायला हातांचे चार भाग पुरेसे असतात.

बायाउँ हा ईशान्य ब्राझीलचा नाच. तो गायक लुईस गोंझागाने १९४०च्या दशकात देशभर पोचवला. वाद्यं तीन: अकॉर्डियन, त्रिकोण आणि झाबुंबा हा दोन बाजूंचा ढोल. आठ भागांची मोजणी ३-३-२. टाळी १, ४ आणि ७वर. दहा मिनिटांत येतो. मराठी कानाला तर फारच लवकर, कारण मात्रा असमान गटांत मोजण्याची सवय आपल्याला आहे.

आता भाषा. पोर्तुगीज वाचून गाणाऱ्यांचं पहिलं अडखळणं म्हणजे नाकातले स्वर. ‘नाउँ’ (नाही), ‘कोरासाउँ’ (हृदय). कॉयरमधली माणसं शेवटी जीभ टाळूला लावून ‘नाउन्’ करतात आणि सूर तिथेच बंद पडतो. जीभ कुठेही टेकवायची नाही. लांब सुरावर ‘आँ’ धरायचं आणि अगदी शेवटी ओठ ‘उ’कडे न्यायचे. गोव्याच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही: कोकणीतला ‘हांव’ म्हणजे नेमका हाच आवाज. जुन्या मराठी पुस्तकांत ‘गांव’, ‘नांव’ यांवर जो अनुस्वार छापत, तोही याच उच्चाराची आठवण. बाकी नियम चटकन सांगण्यासारखे: रिओकडच्या उच्चारात ‘ति’चा ‘ची’, ‘दि’चा ‘जी’, शब्दाच्या सुरुवातीचा ‘र’ म्हणजे ‘ह’, शेवटचा ‘ल’ म्हणजे ‘उ’. म्हणून ब्राझील नव्हे, ‘ब्राझिउ’. ईशान्येकडच्या काही भागांत मात्र ‘ति’ तसाच राहतो. म्हणून बायाउँ आणि सांबा एकाच उच्चाराने गाऊ नयेत.

गोव्याचं नातं इथे संपत नाही. मोडिन्या हा पोर्तुगाल-ब्राझीलच्या दिवाणखान्यातला हळवा गीतप्रकार अनेकदा दोन आवाजांत, गंधाराच्या अंतराने समांतर चालतो. गोव्याचा मांडोही दोन आवाजांत तसाच चालतो, साथीला घुमट आणि व्हायोलिन. मडगावात वाढलेल्या गायिकेला मोडिन्याचा खालचा आवाज कागद न बघता सुचतो, यात नवल नाही.

आणि आता गंधाराकडे परत. बोसानोव्हा १९५०च्या दशकाच्या अखेरीस रिओत जन्मली: गिटार, आणि गायक जुआँउ जिल्बेर्तूसारखं कानाशी बोलल्यासारखं, कंपन न देता, हळू गाणं. गिटारचे पडदे ठोकलेले असतात आणि ते समान बारा तुकड्यांचे. तिचा गंधार म्हणजे पेटीचाच गंधार, १४ सेंट वरचा. शिवाय कॉर्डमध्ये निषाद आणि वरचा रिषभही घातलेले. ऑक्टोबरात घोटलेला नैसर्गिक गंधार कॉयरने इथे लावला की गिटारच्या शेजारी तो खाली ऐकू येतो. ‘सगळं बरोबर गातोय तरी घाण का वाटतंय’ हा प्रश्न पडला की कारण बहुतेक वेळा हेच असतं. त्यामुळे ब्राझीलच्या तालमी पहिल्या दिवसापासून गिटार घेऊनच घ्याव्यात. मार्चमध्ये ब्राम्सची पियानो-साथ असलेली गाणी ठेवण्याचं एक मोठं कारण हेही आहे: कान दोन टोकांच्या मधे येतो.

जागा, तास, हक्क

दगडी चर्चमध्ये आवाज तीन-चार सेकंद घुमतो. मिनिटाला १०० मात्रांच्या सांब्यात एक बारीक भाग ०.१५ सेकंदाचा. म्हणजे तीन सेकंदांच्या घुमाऱ्यात वीस भाग एकमेकांवर चढतात आणि सुर्दूचा नुसता ढगांसारखा गडगडाट उरतो. शुट्झला तीच जागा सोन्यासारखी. जूनचा कार्यक्रम नाट्यगृहात घ्यावा, जिथे घुमारा सेकंद-सव्वा सेकंदाचा असतो. चर्चमध्येच करावा लागला तर सुर्दू काढून टाका, पांदेइरू (खंजिरीसारखं वाद्य) ठेवा आणि वेग उतरवा. बोसानोव्हाच्या आवाजाला मायक्रोफोन लागतोच. ते पैसे आणि ध्वनी सांभाळणारा माणूस अंदाजपत्रकात सुरुवातीपासून हवा.

तासांचं गणित: एका कार्यक्रमाचं संगीत सुमारे ७० मिनिटं. आठ तालमी, प्रत्येकी अडीच तास, त्यातून पंधरा मिनिटांची सुटी वजा. उरले १८ तास, म्हणजे संगीताच्या एका मिनिटाला पंधरा मिनिटं. साधी नाताळगीतं पाचांत होतात. अकरा मात्रांचा फ्यूग चाळीस खातो. पत्रिका ठरवताना प्रत्येक रचनेच्या लांबीला या आकड्याने गुणून तिच्यासमोर लिहा आणि बेरीज करा. ती १८ तासांच्या वर गेली तर एक रचना गाळायची, तालीम वाढवायची नाही. नवव्या तालमीला थकलेले आवाज येतात, आणि ब्राझीलच्या गाण्यांत सोप्रानोंना तासन्‌तास खाली गायचं असतं, ज्यानेही गळा दमतो. डिसेंबरात तर सर्दी-खोकला धरूनच चाला: प्रत्येक एकल जागेला दुसरा माणूस तयार हवा.

आणि प्रती. बाख, शुट्झ, नूनिस गार्सिया यांचं मूळ संगीत सगळ्यांचं आहे, पण आजच्या प्रकाशकाने संपादित केलेल्या आवृत्तीवर त्याचा हक्क असू शकतो. व्हिया-लोबूस १९५९मध्ये वारला. भारतात मृत्यूनंतर साठ वर्षांची मुदत, त्यामुळे इथे तो २०२०पासून मुक्त. युरोपात सत्तर वर्षं, म्हणजे २०२९ संपेपर्यंत पैसे द्यायचे. बोसानोव्हाचे बहुतेक संगीतकार तर सगळीकडेच हक्काखाली आहेत. आंतोनियू कार्लोस जोबिं १९९४मध्ये गेला. त्याचं गाणं वीस आवाजांसाठी स्वतः बसवायचं तर प्रकाशकाची लेखी परवानगी आधी लागते. तिला महिने लागू शकतात, म्हणून जूनच्या कार्यक्रमाचं पत्र सप्टेंबरात जायला हवं. हक्काखालच्या संगीताची एक प्रत विकत घेऊन वीस झेरॉक्स काढणं बेकायदेशीर आहे.

वाद्यांच्या प्रती बऱ्याचदा भाड्याने येतात आणि हंगामाच्या शेवटी जशा आल्या तशा परत द्याव्या लागतात. म्हणून पहिल्या तालमीला प्रत्येकाच्या हातात मऊ पेन्सिल हवी, पेन नको. जूनच्या शेवटच्या कार्यक्रमानंतर एक संध्याकाळ बसून त्या खोडायच्या. कॉयरच्या स्वतःच्या प्रती मात्र खोडू नयेत: रेच्या कॉर्डवरचा तो वर जाणारा बाण आणि विश्रांतीवर लिहिलेला ‘त्स’ पुढच्या वेळी आल्टोत येणाऱ्या नव्या मुलीला लागणार आहेत.